सायकल, गाडी आणि मधला दीड मीटर

वाचकांचे प्रश्न

या वेळी दोन्ही बाजूंची पत्रे आली: सायकलस्वारांची गाडीवाल्यांबद्दल आणि गाडीवाल्यांची सायकलस्वारांबद्दल. काही पत्रांत प्रश्नापेक्षा राग जास्त होता. त्यातला प्रश्न तेवढा उचलून उत्तर दिले आहे.

मी रोज कर्वे रस्त्याने सायकलवर कामाला जातो. होईल तितकी डावी कड धरतो, तरी चारचाक्या हँडलला घासून जातात. आणखी किती डावीकडे सरकायचे? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

सरकायचे ते थोडे उजवीकडे. आधी हिशेब पाहा. शहरातली एक लेन साधारण ३ ते ३.५ मीटर रुंद असते. सायकलचे हँडल ६० ते ७० सेंटिमीटर, आणि मध्यम आकाराची कार आरसे न धरता १.७ ते १.८ मीटर. तुमचे चाक कडेपासून जेमतेम अर्ध्या मीटरवर आहे असे धरले, तरी उजवी मूठ कडेपासून ८५ सेंटिमीटरवर येते. त्यात ओव्हरटेक करताना सोडायचे दीड मीटर अंतर आणि कारची रुंदी मिळवली की बेरीज चार मीटरच्या वर जाते. म्हणजे तुम्ही कितीही आत सरकलात तरी एकाच लेनमध्ये राहून कारला तुम्हाला नीट ओलांडता येत नाही. तिला शेजारच्या लेनमध्ये जावेच लागते. तुम्ही कडेला चिकटलात की मागच्याला वाटते ‘बसेल’, आणि मग तो बसवून पाहतो.

म्हणून एरवी चाक कडेपासून निदान एक मीटरवर ठेवा. अरुंद पूल, चौकाच्या आधीचे तीस-चाळीस मीटर, खोदकामामुळे आक्रसलेला रस्ता अशा ठिकाणी सरळ लेनच्या मध्यावर या, म्हणजे मागच्याला थांबायचे की लेन बदलायची हे स्पष्ट कळते. रस्ता रुंद झाला की लगेच पुन्हा डावीकडे येऊन वाट द्यायची. हा दुसरा भाग बरेच सायकलस्वार विसरतात आणि मग मागचा चिडतो. त्यात त्याचे फारसे चुकत नाही.

कडेचा पट्टा तसाही रस्त्याचा सर्वांत वाईट भाग असतो. चेंबरची खचलेली झाकणे, डांबर आणि पेव्हर ब्लॉक यांच्यामधली खाच, वाळू, साचलेले पाणी, सगळे तिथेच. खाच तिरपी ओलांडायला गेलात तर पुढचे चाक तिच्यात अडकून सायकल जागच्या जागी आडवी होते. ओलांडायचीच तर शक्य तितक्या काटकोनात. कडेने जाणारा दर पन्नास मीटरवर काहीतरी चुकवायला अचानक उजवीकडे येतो, आणि मागून येणाऱ्याला त्याचा अंदाज येत नाही. कट मारणाऱ्या गाडीइतकेच अपघात या ‘अचानक’मुळे ओढवतात असे आमचे मत आहे.

उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना गाडी आणि तुमची डावी मूठ यांत एक ते सव्वा मीटर मोकळा हवा, कारण उघडलेले दार तेवढी जागा खाते. चालकाच्या सीटवर डोके दिसतेय का, ब्रेकचा लाल दिवा नुकताच विझलाय का, हे पाहत चला. दीड मीटरचा आकडा आमच्या पदरचा नाही. जर्मनीने २०२० पासून गावात दीड आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर कायद्यात घातले, ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ च्या बदलात दीड मीटर आले. आपल्याकडे हा आकडा सक्तीचा नाही, पण पाळणाऱ्याला कोणी अडवलेलेही नाही.

आणि मागे वळून पाहण्याचा सराव करा. मोकळ्या मैदानात पांढऱ्या पट्टीवर सायकल चालवत उजव्या खांद्यावरून मागे पाहायचे आणि पट्टी सोडायची नाही. सुरुवातीला मान वळली की हँडलही वळते. ते थांबेपर्यंत करत राहा. उजव्या मुठीच्या टोकाला बसणारा छोटा आरसा उपयोगी आहे, पण तो मान वळवण्याला पर्याय नाही.

रविवारी सकाळी गंगापूर रोडला सायकलवाल्यांचे घोळके असतात. तीन-तीन जण शेजारी, गप्पा मारत. हॉर्न दिला तर वर आमच्यावरच हात उगारतात. नियम फक्त गाडीवाल्यांनाच का? (एक कारचालक, नाशिक)

तिघांनी शेजारी चालणे चूकच, त्यात दोन मते नाहीत. दोघांचे मात्र तसे नाही. आठ सायकली एकामागे एक, मध्ये दोन-दोन मीटर अंतर ठेवून चालल्या तर रांग अठ्ठावीस मीटरच्या आसपास होते. त्याच जोडीने चालल्या तर तेरा मीटर. ओलांडायला तुम्हाला दोन्ही वेळी समोरच्या लेनमध्ये जायचेच आहे. जोडी असेल तर तिथे निम्माच वेळ राहावे लागते. पण वळणावर, घाटात आणि मागे गाड्या साचल्या असताना एका रांगेत येणे हे सायकलस्वारांचे काम. तीस जण निघाले असतील तर सहा-आठ जणांच्या तुकड्या करायच्या आणि दोन तुकड्यांत पन्नास ते शंभर मीटर सोडायचे, म्हणजे ओलांडणाऱ्या गाडीला मध्ये आत यायला जागा राहते. शेवटच्याने ‘मागून गाडी’ अशी हाक द्यायची आणि ती पुढपर्यंत पोचवायची. पंक्चर काढायला किंवा फोटोला थांबायचे तर सायकलीसकट डांबराच्या बाहेर. भर रस्त्यात उभा राहिलेला घोळका पाहून डोके फिरणाऱ्या चालकाला आम्ही दोष देणार नाही.

आता हॉर्नबद्दल. सायकलस्वाराला डोळ्यांपेक्षा कानांनीच मागची गाडी कळते, त्यामुळे बहुतेक वेळा हॉर्नची गरजच नसते. द्यायचाच तर तीसेक मीटर मागून, एकदा, आखूड. अगदी पाठीशी येऊन दिला तर माणूस दचकून उजवीकडे मान वळवतो, आणि मानेबरोबर हँडलही उजवीकडे, म्हणजे तुमच्या गाडीकडेच येते. विनाकारण हॉर्न वाजवण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ एफ प्रमाणे पहिल्यांदा १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे. पावती फाडलेली कोणी पाहिली का, हा निराळा विषय.

ओलांडताना आधी मागे वेग कमी करा, खालच्या गिअरला या, समोरचा रस्ता मोकळा दिसला की पूर्ण लेन बदलून जा. आतल्या आरशात सर्वांत पुढची सायकल संपूर्ण दिसेपर्यंत डावीकडे परत येऊ नका. पुढचे चाक आरशात आले की लगेच आत घेणारे पुष्कळ आहेत, आणि धक्का लागतो तो तेव्हाच, गाडीच्या मागच्या कोपऱ्याचा.

माझी मुलगी आठवीत आहे. दुभाजकाचा कट लांब असल्याने शाळेला जाताना ती तीनशे मीटर राँग साइडने जाते. ‘सगळेच जातात’ म्हणते. समोरून येणारी गाडी निदान दिसते तरी, हे खरे ना? (एक आई, कोल्हापूर)

दिसते, पण वेळ उरत नाही. गाडी ताशी ५० किलोमीटरने आणि मुलगी १५ ने चालली आहे असे समजा. दोघे एकाच दिशेने असतील तर अंतर ताशी ३५ च्या वेगाने कमी होते. समोरासमोर असतील तर ६५ च्या. पन्नास मीटर उरले असताना पहिल्या वेळी पाच सेकंद हातात असतात, दुसऱ्या वेळी पावणेतीन. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच त्यातले एक-दीड सेकंद संपतात. शिवाय गल्लीतून डावीकडे वळून मुख्य रस्त्याला लागणारा फक्त आपल्या उजवीकडे पाहतो, कारण गाड्या तिकडूनच येतात. राँग साइडने येणारी सायकल त्याच्या डावीकडून येते. तिकडे तो पाहतच नाही.

उपाय साधा आहे: ते तीनशे मीटर उतरून, सायकल हातात धरून फुटपाथने चालायचे. चार मिनिटे लागतात. नाहीतर आतला समांतर रस्ता शोधा. सायकल उचलून दुभाजकावरून पलीकडे टाकणे मात्र आजपासून बंद.

मोठ्या चौकात उजवीकडे वळायचे असेल तर मुलांनी दोन टप्प्यांत वळावे. डावीकडूनच सरळ चौक ओलांडायचा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबून सायकल वळवायची, आणि तिकडचा सिग्नल हिरवा झाला की जायचे. दप्तर हँडलला अडकवू देऊ नका. वळताना ते गुडघ्याला किंवा आऱ्यांना लागते. ब्रेकची कांडी अर्ध्यावर येण्याआधी चाक धरले गेले पाहिजे. कांडी मुठीला टेकत असेल तर तार ढिली झाली आहे किंवा ब्रेकचे रबर झिजले आहे. सीट अशी की बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागतील.

मी एसटी चालक आहे. थांब्यावरून गाडी काढताना किंवा डावीकडे वळताना सायकल नेमकी डावीकडून आत घुसते. आरशात दिसतच नाही. दोष मात्र आमचा. (सातारा)

हा प्रश्न सायकलस्वारांनी आधी वाचावा. बस वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्यांच्या मागोमाग जात नाहीत, आतून जातात. पुढच्या आणि मागच्या चाकांत सहा मीटर अंतर असलेल्या बसने बारा मीटर त्रिज्येचे वळण घेतले तर मागचे चाक दीड मीटरहून अधिक आत येते. बसची पुढची बाजू तुमच्यापासून लांब जातेय असे वाटते आणि त्याच वेळी मागचे चाक तुमच्या अंगावर येत असते. डावीकडे फुटपाथ, उजवीकडे बस, सुटायला जागा नाही. म्हणून बस किंवा ट्रक आणि कड यांच्यामधल्या फटीत कधीही जायचे नाही, सिग्नलला गाडी उभी असतानाही नाही. आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. थांब्यावर बस उभी असेल तर मागे थांबा, नाहीतर मागे पाहून उजवीकडून जा. डावीकडे प्रवासी उतरत असतात.

चालकदादा, तुमच्यासाठी एवढेच: इंडिकेटर वळताना नको, वळायच्या तीन-चार सेकंद आधी. डावा आरसा दोनदा, एकदा इंडिकेटर देताना आणि पुन्हा स्टिअरिंग फिरवायला लागताना. पुढे चाललेल्या सायकलला चौकाच्या तोंडाशी ओलांडून लगेच डावीकडे वळणे टाळा. तिच्या मागे राहून वळलात तर सात-आठ सेकंद जातील. वाहक शेजारच्या दारात असेल तर त्याची नजर कोणत्याही आरशापेक्षा चांगली.

सायकलला हेल्मेट सक्तीचे आहे का? लायसन्स? मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकल चालते का? (तीन वाचकांचे तीन प्रश्न)

हेल्मेटची सक्ती करणारे मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मोटारसायकलसाठी आहे, सायकलला लागू नाही. घालावे मात्र जरूर: भुवयांच्या वर दोन बोटे, पट्ट्यात एक-दोन बोटे जातील इतके घट्ट, आणि एकदा जोरात आपटले की बाहेरून चांगले दिसले तरी बाद. लायसन्स लागत नाही. द्रुतगती मार्गावर आणि वांद्रे–वरळी सागरी सेतूवर सायकलला बंदी आहे.

घरच्या सायकलला मोटरचा किट बसवला. ताशी चाळीसने पळते. पोलिसांनी अडवले तर ‘सायकल आहे’ म्हणता येईल का? (संभाजीनगर)

नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत सूट आहे ती २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि बॅटरी वगळून ६० किलोपर्यंतच्या वाहनाला, तेही योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक असतील तर. चाळीसने पळणारी सायकल कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन ठरते. मग नोंदणी, लायसन्स, विमा सगळे आले, आणि यातले काहीच नसताना कोणाला धडक बसली तर भरपाई स्वतःच्या खिशातून. वेगाची मर्यादा कंट्रोलरमधून कमी करून घेता येते, पण मोटरची शक्ती कमी होत नाही. तेव्हा किटवरचा वॉटचा आकडा आधी पाहा. कायदा बाजूला ठेवला तरी साध्या सायकलचे रिम-ब्रेक आणि पुढचे चाक धरणारा चिमटा (फोर्क) चाळीसच्या वेगासाठी बनवलेले नसतात.

उभ्या कारचे दार अचानक उघडले, मी आदळून पडलो. चालकाने दोन हजार रुपये पुढे केले आणि ‘मिटवून टाका’ म्हणाला. अशा वेळी नेमके काय करावे? (ठाणे)

जागेवर पैसे घेऊ नका आणि ‘तक्रार नाही’ अशा कागदावर सही करू नका. पडल्यापडल्या दुखणे पूर्ण कळत नाही. हात टेकून पडलेल्याच्या मनगटातले एक लहान हाड मोडलेले पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही, दहा-बारा दिवसांनी पुन्हा काढल्यावर दिसते. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. डोक्याला मार असेल आणि नंतर उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी झाली तर थेट रुग्णालय.

जागेवर करायच्या गोष्टी: गाडीची नंबरप्लेट, उघडे दार, सायकल आणि रस्ता एकाच चौकटीत येईल असा फोटो, सायकल हलवण्याआधी. एखाद्या साक्षीदाराचा फोन नंबर. समोर दुकान असेल तर त्याच दिवशी सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवायला सांगा, काही दिवसांत त्यावर नवे चित्रण होते. ११२ ला फोन केला की वेळेची नोंद राहते, रुग्णवाहिकेसाठी १०८. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे गाडीच्या चालकाचे कर्तव्यच आहे. रुग्णालयात ‘पडलो’ एवढेच सांगू नका, ‘अमुक नंबरच्या गाडीच्या दाराने पडलो’ असे सांगा आणि तशी नोंद करवून घ्या. नंतर भरपाईच्या दाव्यात हाच कागद सर्वांत कामाला येतो, आणि नेमका हाच बहुतेकांकडे नसतो.

दुखापत असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ प्रमाणे तक्रार देता येते. गाडी चालती असती तर कलम २८१ ही लागले असते. पोलीस ठाण्यात तक्रार घेत नसतील तर लेखी तक्रार पोलीस आयुक्तांकडे किंवा अधीक्षकांकडे पाठवता येते. भरपाईसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज. तो अपघाताच्या ठिकाणी किंवा तुम्ही राहता तिथेही चालतो. कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, तीच धरून चाला. ‘गाडी तर उभी होती’ हा बचाव तुम्हाला ऐकवला जाईल. राष्ट्रीय महामार्ग ४ वर उलटून पडलेल्या पेट्रोल टँकरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले आहे की वाहन हलत नसले तरी त्याचा ‘वापर’ चालू असू शकतो. गाडी ठोकून पळाली आणि सापडलीच नाही तर २०२२ च्या योजनेत गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात.

पुन्हा सायकलवर बसण्याआधी पुढचा चिमटा वाकला किंवा तडकला आहे का ते पाहा. रिमचा आऊट (वाकडेपणा) निघतो, पण तडकलेला चिमटा बदलावाच लागतो. त्याचे बिल जपून ठेवा.

गाडीत बसणाऱ्यांनी एक सवय लावावी. चालकाने दार डाव्या हाताने उघडायचे. तसे करताना खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते.

आमच्याकडे सायकल ट्रॅक आहे, पण त्यावर कार उभ्या आणि दुचाक्या धावतात. खांब रोवले तर थांबतील का? (पिंपरी)

कार थांबतील. दुचाक्या नाहीत, कारण स्कूटरचे हँडल सायकलइतकेच रुंद असते. सायकल जाईल त्या फटीतून स्कूटर जातेच. खांबांतले अंतर कमी केले तर आधी अडकते ती दूधवाल्याची कॅन लावलेली सायकल. दुचाकींना उपाय दंडाचाच. सायकल ट्रॅकवर मोटार वाहन चालवायला रस्त्याच्या नियमांत बंदी आहे. महाट्रॅफिक ॲपवर फोटोसह तक्रार करता येते. फोटोत नंबरप्लेट आणि ट्रॅकची खूण दोन्ही हवीत, नाहीतर ‘रस्ता कुठला’ या मुद्द्यावर तक्रार परत येते. ट्रॅक दर शंभर मीटरवर अडवलेला असेल तर आम्ही मुख्य रस्त्यानेच जाण्याचा सल्ला देऊ. वारंवार आत-बाहेर करणे जास्त धोक्याचे.

रात्री कोणता दिवा लावावा? समोरचे सायकलवाले हल्ली डोळे दिपवतात. (सांगली)

रस्त्यावर दिवे असतील तर पुढे २०० ते ४०० लुमेन (प्रकाशाचे माप) पुरे, स्थिर प्रकाशाचा. लुकलुकणारा दिवा दिवसा ठीक, पण रात्री त्यावरून अंतराचा अंदाज येत नाही. प्रकाशाचा झोत पाच-सहा मीटर पुढे जमिनीवर पडला पाहिजे. समोरच्याच्या डोळ्यांत जात असेल तर दिवा खाली वाकवा. महागडा दिवा सरळ समोर रोखून फिरणे आणि गाडीने अप्पर मारणे यांत काही फरक नाही. मागे लाल, २० ते ५० लुमेन. पेडलचे परावर्तक काढू नका. वर-खाली हलणारे दोन ठिपके पाहून चालकाला लांबूनच कळते की पुढे सायकल आहे. मागचा दिवा सीटच्या दांड्यावर लावला असेल तर पावसाळ्यात रेनकोटचा घेर त्यावर येतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. तो मागच्या मडगार्डवर किंवा कॅरिअरच्या टोकाला हलवा.